सहाव्या भागातली विहीण

ती मालिका बघणं सोडायचं की नाही, हा प्रश्न आमच्या घरात दर शुक्रवारी संध्याकाळी निघायचा आणि दर शुक्रवारी माझ्यामुळे 'नाही सोडायची' असा सुटायचा. हे मी अभिमानाने सांगत नाही. तीन माणसांना आठवड्यामागून आठवडे अंधाराकडे बघत बसवण्याचं पाप माझ्या एकट्याच्या डोक्यावर आहे.

अंधार म्हणजे खरोखरचा अंधार. मालिका इंग्रजांच्या काळातली, खाडीकाठच्या एका कोळीवाड्यातली. त्या काळी वीज नव्हती हे मला मान्य आहे, पण सूर्य होता. मालिकेत तो फारसा उगवत नसे. रॉकेलची एक चिमणी जळतेय, तिच्यापलीकडे एक चेहरा, आणि तो चेहरा खाडीकडे बघतोय, एवढ्यावर पहिला भाग संपला. आम्ही पडदे ओढून घेतले, ट्यूब बंद केली, तरी टीव्हीच्या काचेत मालिकेपेक्षा आम्हीच जास्त स्पष्ट दिसत होतो. मी, माझी बायको आणि माझी आई, सोफ्यावर ओळीने, दातांच्या दवाखान्यात नंबर लावल्यासारखे.

जाणकारांनी मात्र मालिका डोक्यावर घेतली होती. 'संयत' हा शब्द मी तिच्याबद्दल इतक्या ठिकाणी वाचला की मला जी झोप येते ती माझ्याच अंगातल्या असंयमामुळे, असं वाटायला लागलं. एकदा दोघी स्वयंपाकघरात असताना मी रिमोटने मालिका थोडी पुढे ढकलली. होडीत बसलेला माणूस होडीतच होता. आणखी ढकलली. तो तिथेच, फक्त त्याने पापणी लववली होती. मग मला वाईट वाटलं आणि मी सगळं मागे नेऊन ती पापणी रीतसर पाहिली.

बायकोला पहिले दोन भाग मनापासून आवडले होते. ती डोंबिवलीत वाढलेली, माहेर मूळचं कोकणातलं, आणि तिला फोटोग्राफीची समज आहे. "प्रत्येक फ्रेम म्हणजे चित्र आहे हो," ती म्हणाली.

"मंग भितीवर टांगा," आई म्हणाली. "बसून कशाला बघाची?"

आईला पहिल्याच भागात एक शंका आली होती. सगळी माणसं हळू बोलत होती, मध्येच थांबत होती, उसासे टाकत होती. तिने मला विचारलं, "यांच्या घरान कोन मेलाय?"

"अजून कोणी नाही मेलं, आई."

"मंग अशी का बोलतान?"

तिचं खरं होतं. आमच्या कोळीवाड्यात मी कुणाला हळू बोलताना ऐकलेलं नाही. खाडीच्या वाऱ्यात हळू बोललेलं पोचतच नाही.

आता आम्ही ही मालिका का बघत होतो ते सांगितलं पाहिजे. आम्ही मूळचे कोलशेतचे. खाडीला लागून जुनं घर आहे, तिथे आता भाऊ राहतो, आणि त्याच्या खिडकीतून खाडीऐवजी टॉवरांची पार्किंगं दिसतात. मी नोकरीला लागल्यावर कोपर स्टेशनजवळ फ्लॅट घेतला. गुडघे बोलायला लागल्यावर आई माझ्याकडे आली. ती धवलारीण आहे. आमच्याकडे लग्नात भटजी येतात ते येतातच, पण त्यांच्या आधी आणि नंतर धवलारीण लागते. हळदीला, मांडवाला, प्रत्येक विधीला ती धवले गाते, एकेका देवाचं नाव घेऊन त्याला लग्नाला बोलावते. तिने हाक मारली नाही तर देवांना पत्ता कसा कळणार, असा साधा हिशेब आहे. मधल्या वर्षांत डीजे आले आणि धवलारिणी मागे पडल्या. आईला बोलावणी यायची ती मानापुरती. चार ओळी म्हणून घ्यायच्या, फोटो काढायचा, की डीजे सुरू.

आणि अशा वेळी ओळखीच्या ओळखीतून मालिकेसाठी काम करणारी एक मुलगी माझ्यापर्यंत आली. तिला 'अस्सल' आवाज हवा होता. अस्सल हा शब्द ऐकला की मी विरघळतो, कारण तो माझ्यात नाही. मला आमची बोली नीट बोलता येत नाही. भावाच्या पोरांसमोर बोलायला गेलो की ती हसतात. वाटलं, निदान आईचा आवाज तरी कुठेतरी राहील. आईला न विचारताच मी हो म्हणून टाकलं. घरी आल्यावर विचारलं, तेव्हा ती फक्त म्हणाली, "त्यांना चा कोन करनार?"

रेकॉर्डिंग आमच्याच हॉलमध्ये झालं. पंखे बंद, फ्रिजची पिन काढलेली, खिडक्या लावलेल्या. आईने ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं आणि ती घामाने भिजत होती. मुलगी अतिशय गोड. ती आईच्या पायाशी बसून म्हणाली, "आजी, एखादा धवला म्हणा ना."

"तो नाय म्हनाचा," आई म्हणाली. "देव बोलावला का त्याला पाट लागते, मांडव लागते, नवरा-नवरी लागतान. हयां काय हाय? तुम्ही त पंखा पन बंद केलाय."

मुलगी माझ्याकडे बघायला लागली. मी आईकडे. आईने थोडा विचार केला आणि म्हणाली, "दुसरा देते. लग्नातलाच हाय."

जे गाणं तिने दिलं ते विहिणीच्या चेष्टेचं. हळदीला नवऱ्याकडच्या बाया आल्या की मुलीकडच्या बाया त्यांना चिडवत हे म्हणतात. गाण्यात विहीण मांडवात येते, टोपाशी बसते, अख्खा कोलंबीचा टोप एकटी संपवते, वर सुके बोंबील मागते, मग तिथेच आडवी होते, आणि आता तिला उचलायला चार माणसं लागताहेत. हे झपाझप म्हणायचं असतं, टाळ्या वाजवत. ऐकून विहिणीने लटकं रागवायचं असतं.

आईने म्हणायला सुरुवात केली. आवाज टिपणारा माणूस हेडफोन काढून म्हणाला, "आजी, जरा सावकाश." तिने सावकाश केलं. "अजून थोडं. आणि आतून." आतून म्हणजे कुठून ते आईला कळलं नाही, पण ती माणसाला नाही म्हणत नाही. शेवटी गाणं इतकं सावकाश झालं की तिला ओळीच्या मध्येच दम लागून श्वास घ्यावा लागला. तो श्वास ऐकून मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. मीही गहिवरलो. गाणं कोलंबीचं आहे हे मला माहीत होतं, तरी गहिवरलो. यावरून माझा स्वभाव लक्षात यावा. गाणं लग्नातलं आहे हे आईने सांगितलंच होतं, तेव्हा शब्दांचा अर्थ मुलीने विचारला नाही आणि मीही सांगितला नाही. जाताना मुलीने आईला शाल दिली. ती बायकोने इस्त्री करून कपाटात ठेवली.

मालिका सुरू झाली तेव्हा आईचा आवाज कुठल्या भागात येणार हे त्या मुलीलाही सांगता आलं नाही. "फार महत्त्वाच्या जागी आहे, सर," एवढंच म्हणाली. म्हणून प्रत्येक भाग बघणं भाग होतं. शिवाय मी समाजाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दर शुक्रवारी लिहीत होतो: आपल्या लोकांची मालिका आहे, सुरुवातीला जरा संथ वाटेल, पण सोडू नका, पुढे आमच्या आईचा आवाज आहे. खाली नमस्कारांची रांग लागायची. आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या काकांनाही मी सांगितलं होतं. काका निवृत्त प्राध्यापक आहेत. आमच्याकडे सुकट भाजली की ते दार उघडून, कुणाचंही नाव न घेता, जिन्याला उद्देशून "हवा खेळती ठेवायला हवी" असं म्हणतात. आता तेच मला लिफ्टपाशी गाठून मासळीच्या त्या गंधातलं काव्य समजावून सांगत होते. मालिकेतल्या गंधाला दार लावावं लागत नाही, हा तिचा मोठाच गुण होता.

चौथ्या भागानंतर बायकोही फितूर झाली. "अहो, पुरे ना आता. आईंचा आवाज आला की ती मुलगी आपल्याला तेवढा तुकडा पाठवेल की."

"असं कसं? आपणच नाही बघितली तर?"

"पण तुम्ही तरी कुठे बघता? काल घोरत होतात."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाचवा भाग मी उभ्याने बघितला.

सहाव्या भागात शेवटी एकदाचा कुणीतरी मेला. मालिकेचा नायक. मेला म्हणजे पहाटे वाळूवर आडवा सापडला. पाच भागांत तो उभा राहून जे करत होता तेच त्याने आडवं होऊन केलं, त्यामुळे आम्हाला थोडा वेळ कळलं नाही. मग खाडीवर धुकं आलं, माणसं जमली, कुणी रडेना. आणि त्या शांततेत माझ्या आईचा आवाज सुरू झाला. खाली अक्षरं उमटली: शोकगीत.

आईने पदर सारखा केला. आवाज ओळखून तिचा चेहरा आधी उजळला होता, हे मी पाहिलंय. मग तिने पडद्यावर काय चाललंय ते पाहिलं. विहीण टोपाशी बसत होती आणि बायका प्रेताला हळद लावत होत्या. विहिणीने बोंबील मागितले आणि नायकाच्या आईने वाळूत गुडघे टेकले. चार माणसं लागताहेत, असं आईने दम घेत घेत म्हटलं, आणि खरोखरच चौघांनी तिरडी उचलली.

बायको रडत होती. तिला बोली कळत नाही. "किती आतून म्हटलंय हो आईंनी," ती म्हणाली.

"बंद कर," आई म्हणाली.

मी बंद केली. ट्यूब लावली. आईने बायकोकडे वळून गाण्याचा अर्थ सांगितला, एकेक ओळ, कोरड्या आवाजात. बायकोने रडतारडताच हसायला सुरुवात केली आणि तोंडावर हात ठेवून आत पळाली. आई हसली नाही.

"लग्नाचा गाना मड्यावर लावला," ती म्हणाली. "आता हलदीला मना कोन बोलवल?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पुढच्याच महिन्यात कोलशेतला माझ्या मावशीच्या नातीचं लग्न होतं. मावशीने आईला खास निरोप धाडला होता की या लग्नाला चार ओळींचा फार्स नको, सगळे धवले साग्रसंगीत होऊ देत, डीजे तोवर बंद. आई कित्येक दिवस दुपारी खिडकीशी बसून विसरलेली कडवी आठवत होती. एखादं कडवं अडलं की तडक गावात फोन लावायची. आणि नवऱ्याकडची माणसं कळव्याची, रीतीभातीला कडक. ज्या तोंडाने मुडद्यावर गायलं त्या तोंडाने आमच्या पोराच्या हळदीला गाऊ नये, असं एक जण जरी म्हणाला असता तर आईचं धवले गाणं तिथेच संपलं असतं. तिला कुणी तोडून बोललं नसतं. नुसतं बोलावणं यायचं थांबलं असतं.

मी त्या मुलीला फोन केला. तिला वाटलं मी आभार मानायला केलाय.

"सर, लोक वेडे झालेत त्या सीनने. आजींना सांगा, सगळे रडताहेत."

"अहो, पण ते लग्नातल्या चेष्टेचं गाणं आहे. विहिणीवरचं."

तिने विचारलं, "म्हणजे... गंमतीचं?"

"कोलंबीचं."

"ओह." मग लगेच, "आता बदलता नाही येणार, सर. पण तुम्हाला नाही वाटत, त्यामुळे ते आणखीच पॉवरफुल झालंय?"

मला तसं वाटत नव्हतं. तरी मी "हो, तेही आहे" म्हणालो. का म्हणालो ते माझं मलाच ठाऊक नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. समोरचे काका होते, हात जोडून, डोळे लाल. त्यांना रात्री झोप लागली नव्हती म्हणे. त्या दोन ओळींत एका अख्ख्या जमातीची शतकांची वेदना आहे, असं त्यांनी मला सांगितलं. कुठल्या दोन ओळी ते त्यांनी गुणगुणून दाखवलं. बोंबलाच्या होत्या.

"एक विनंती होती," ते म्हणाले. "पुढच्या आठवड्यात आमच्या मातोश्रींचं वर्षश्राद्ध आहे. घरचीच मंडळी. तुमच्या आईंनी तेव्हा येऊन तेवढं म्हटलं, तर मातोश्रींच्या आत्म्याला बरं वाटेल."

आतून आईचा आवाज आला, "त्यांना सांग, मना टायम नाय. लग्नाची गडबड हाय."

काका आदराने मागे सरले. दार लावल्यावर आई म्हणाली, "बघ, मयताला बोलवाला लागले."

आता मी जे केलं ते मी नेहमी करतो तसंच होतं, म्हणजे मनापासून आणि उलटं. मी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप उघडला. इतके आठवडे मी लोकांना मालिका सोडू नका म्हणून विनवत होतो. आता लिहिलं: 'बंधुभगिनींनो, मालिका आता पूर्वीसारखी राहिलेली नाही. सहावा भाग नाही पाहिला तरी चालेल. किंबहुना पाहूच नये.'

या ग्रुपवर माझ्या लिहिण्याला नमस्कारापलीकडे उत्तर आल्याचं मला आठवत नाही. त्या दिवशी मोबाईल तापला. काय झालं? काय दाखवलंय? समाजाची बदनामी केली का? कुणाचं नाव घेतलंय? एकाने निषेधाचं पत्र काढायची तयारी दाखवली. हळूहळू माझ्या लक्षात आलं की इतके दिवस एकाही माणसाने मालिका पाहिली नव्हती. पहिल्या भागाच्या चिमणीपाशीच सगळे गार झाले होते. सहावा भाग आपोआप सुरक्षित होता. आता मात्र संध्याकाळपर्यंत कोलशेत, कळवा, अख्खी खाडी सहावा भाग लावून बसली.

बायकोने माझा मेसेज वाचला. "अहो, तुम्ही काही केलं नसतं तर चाललं नसतं का?" तिने शांतपणे विचारलं. यावर मी आजही विचार करतो.

आईने कुणाला काही विचारलं नाही. रविवारी सकाळी लुगडं नेसून, आंबोडा घालून तयार झाली आणि म्हणाली, "चल. कोलशेतला सोड मना."

"आई, थोडे दिवस जाऊ देत. मावशीला मी फोनवर समजावतो."

"तू नको समजावू," ती म्हणाली. "तू गाडी काढ."

मावशीच्या घरी पोचलो तर ओट्यावर चपलांचा ढीग. आत बोलणी चालली होती. पंख्याखाली, घरातल्या सगळ्यात भक्कम खुर्चीवर, कळव्याची विहीण बसली होती. नवऱ्या मुलाची आई. चांगली भरल्या अंगाची, कपाळाला ठसठशीत कुंकू. तिच्यासमोर तळलेल्या कोलंबीची बशी होती आणि ती रिकामी होती.

मावशी उठली. "ये गो बाय," ती आईला म्हणाली, पण नेहमीसारखी नाही. खोलीतल्या बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. म्हणजे सगळ्यांनी पाहिलं होतं.

आई बसली नाही. पंख्याखालच्या खुर्चीसमोर उभी राहिली.

"इहीनबाय, मी आधी सांगते, मंग तुम्ही ठरवा. त्या टीव्हीन मड्यावर जो गाना लावलाय, तो माजा हाय. मी मांडवाचा म्हनून दिला, त्यांनी मड्यावर घातला. तुमच्या पोराचे हलदीला मी नको असन त आताच सांगा. मना राग नाय."

मला राहवलं नाही. मी पुढे होऊन म्हणालो, "खरं तर चूक माझी आहे. मीच त्या लोकांना घरी आणलं, मीच सगळ्यांना..."

"तू गप रं," मावशी म्हणाली. "चा घे."

विहिणीने पदराने ओठ पुसले. घाई केली नाही. "माजे सासूनं बघला काल," ती म्हणाली. "डोल्यांनी दिसत नाय तिला, पन ऐकाला येते."

तिने बशी बाजूला सारली.

"तिला उचकी लागली हसून. चार मानसां लागतान, असा गाना झाला आनि मी बोलली, सासूबाय, खरंच चार जना तिरडी उचलतान. त सासू म्हनते, योच मेला कोलंबी खाऊन पडलाय. पानी पाजलं तवा शांत झाली."

एका कोपऱ्यातून हसू फुटलं आणि दाबलं गेलं. मावशी मात्र अजून चाचरत होती. "पन इहीनबाय, मड्यावर ना गो... पोरीचं लगीन हाय."

"कंचा मडा?" विहीण म्हणाली. "तो मेलेला नट रोज सकाली आमचे टीव्हीवर दात घासते. चांगला धडधाकट हाय. तो मेला असता त गोष्ट वेगली."

हा युक्तिवाद मला सुचायला हवा होता. शुक्रवार रात्रीपासून मी शास्त्रार्थ करत होतो, शांतीचा विधी असतो का म्हणून एका गुरुजींनाही विचारून आलो होतो, आणि टूथपेस्टची जाहिरात माझ्याही घरी लागत होती.

"पन एक हाय," विहीण बोट उचलून म्हणाली. "माज्यावर म्हनशील तवा असा रडत नको म्हनू. मी काय मेलेली नाय. आनि तो कोलंबीचा टोप काढून टाक. लोकांना खरा वाटल."

आईने रिकाम्या बशीकडे पाहिलं. "टोप त राहील," ती म्हणाली. "पायजे त बोंबील कमी करते."

मग हसण्याचा जो कल्लोळ झाला त्यात आई खाली बसली. मावशीने तिच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. गुडघा धरून बसताना ती जराशी कण्हली, आणि तांब्या उचलून तिने एका दमात रिकामा केला.

लग्नाच्या गडबडीत मालिकेचे पुढचे भाग आम्ही पाहिले नाहीत आणि कुणाला त्यांची आठवणही झाली नाही. हळदीला डीजेवाल्याची वायर मावशीने स्वतः काढली. आईने खाडीदेवापासून सुरुवात केली आणि एकेकाला नाव घेऊन बोलावलं. मध्ये एकदा अडली, तेव्हा पंख्याखालच्या खुर्चीतूनच पुढची ओळ आली, कारण विहिणीची सासूही तिच्या काळात धवले गायची आणि सून ऐकून होती. शेवटी विहिणीचं गाणं झालं. दोन तरुण पोरी मोबाईल धरून पुढे सरसावल्या. "आजी, ते सिरियलसारखं हळू म्हण ना, रील करायचंय."

"हलू म्हटला त इहीन उपाशी राहील," आई म्हणाली, आणि टाळी दिली. बोंबील कमी केलेले नव्हते.

समोरच्या काकांना मी अजून खरं सांगितलेलं नाही. भेटले की ते छातीवर हात ठेवून मान हलवतात. मी खाली बघतो. त्यांना वाटतं मी हेलावलोय. परवा आमच्याकडे सुकट भाजली तेव्हा त्यांनी दार उघडलं नाही. हा एवढा एक सामाजिक बदल मालिकेने घडवून आणला हे मान्य केलं पाहिजे.

लग्नानंतरच्या शुक्रवारी शेवटचा भाग होता. बायकोने रिमोट हातात धरून विचारलं, "बघायचाय का?"

"नको," मी म्हणालो. पहिल्यांदाच. मला फार मोकळं वाटलं, आणि लगेच थोडं वाईटही.

"लाव," आई म्हणाली. "बघू, आता कोनाला मारतान."

आम्ही पडदे ओढले, ट्यूब बंद केली आणि पुन्हा ओळीने बसलो. चिमणी होती, चेहरा होता, खाडी होती. या वेळी कुणी मेलं नाही. नायकाची आई पाण्याच्या कडेला उभी राहून दूर बघत राहिली, आणि तिच्या पाठीवर नावं सरकायला लागली तेव्हा तो आवाज पुन्हा आला, तसाच, दम घेत घेत. खाली 'शोकगीत'.

आईने पाय सोफ्यावर घेतले, मांडी घातली आणि टीव्हीच्या बरोबरीने म्हणायला सुरुवात केली. बरोबरीने दोनच शब्द राहिली. मग तिने हळदीतली चाल पकडली. मांडव, टोप, कोलंबी, बोंबील, एकेक ओळ टाळीवर. बायकोलाही आता शब्द पाठ झालेत. ती शेवटच्या ओळीला सामील झाली. चार माणसं आली, विहिणीला उचललं, गाणं संपलं. आई उठून जेवणाची पानं घ्यायला आत गेली.

टीव्हीवर विहीण अजून टोपाशी बसतच होती.